प्लॅस्टिकच्या हिरवळीला रिठ्याचं पाणी

(गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं.

शेणखतात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या मंडळींसमोर प्लॅस्टिकच्या गवताबद्दल बोलायचं म्हणजे एकादशीला कांदाभजी वाढण्यासारखं आहे, याची मला कल्पना आहे. तरी विचारते. कुणाकुणाच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत आर्टिफिशियल लॉन आहे? हात वर करा. अहो, नीट वर करा, लाजू नका. पाहा, निम्म्याहून जास्त! कारणंही मला ठाऊक आहेत. स्लॅबवर मातीचं ओझं नको म्हणून सोसायटी अडवते, उन्हाळ्यात टँकर येतो, घर भाड्याचं असतं, आणि सासऱ्यांना सकाळी अनवाणी चालायला काहीतरी मऊ हवं असतं. यात चोरटेपणा वाटावा असं काहीच नाही. वस्तू घरात आली की तिची निगा राखायची, एवढंच आपल्या हातात आहे, आणि आज मला त्या निगेबद्दलच बोलायचंय.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते, मग वेळ कितीही कमी पडू दे. ते गवत नाही, तो गालिचा आहे.

सगळा घोटाळा 'लॉन' या शब्दाने झालाय. तसा आपण त्या शब्दाचा मंगल कार्यालयही करून टाकलाय, पत्रिकेवर 'अमुक लॉन्स' असं छापतो आणि आत गेल्यावर गवताचं पातंही नसतं. असो. गवत म्हटलं की आपल्याला वाटतं पाऊस पडला की ते आपोआप स्वच्छ होईल, पडलेलं मातीत मुरेल, पिवळं पडलं तर पुन्हा फुटेल. यातलं काहीही इथे होत नाही. हे बनवतात गालिच्याच्या यंत्रावर. जाड कापडातून सुयांनी धाग्याचे फासे ओवतात, वरून कापतात, धागे निसटू नयेत म्हणून खालून लेटेक्सचा किंवा पॉलीयुरेथेनचा लेप देतात आणि पाणी जायला भोकं पाडतात. उभा धागा बहुतेक वेळा पॉलिएथिलीनचा असतो, म्हणजे आपली दुधाची पिशवी ज्या कुळातली, त्याच कुळातला. बुडाशी दिसणारे कुरळे तपकिरी धागे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे. मातीत जिवाणू असतात, गांडुळं असतात, ती आपली घाण खाऊन टाकतात. या गालिच्याखाली फक्त तुमची फरशी असते.

याचं नाव कुठून झालं, तेही सांगते. अमेरिकेत ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम नावाचं छताचं स्टेडियम १९६५ साली उघडलं. आत खरं गवत होतं आणि छताला पारदर्शक तावदानं. त्या तावदानांतून येणाऱ्या झगझगाटात बेसबॉलच्या खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानांना रंग फासला. ऊन बंद झालं आणि गवत मेलं. मग १९६६ साली तिथे नायलॉनचं गवत अंथरलं, आणि पुढे ते ॲस्ट्रोटर्फ याच नावाने जगभर गेलं. आपल्याला त्याची खरी ओळख झाली ती हॉकीने. १९७५ ला क्वालालंपूरला आपण विश्वचषक जिंकलो, आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा या टर्फवर खेळताना सातवे आलो. माझे वडील तो आठवडाभर जेवताना बोलले नाहीत. तर मुद्दा असा, की ही वस्तू नावारूपाला आली ऊन नसलेल्या जागेत, आणि आपण ती अंथरली पुण्याच्या एप्रिलमध्ये, उघड्या गच्चीवर. भर दुपारी हिचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे सहज जातो. हॉकीच्या टर्फवर सामन्याआधी पाणी मारतात, आपण मारतो का?

आता मी जे सांगणार आहे, त्यात जरा वेळ जाईल. पण ते सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगताच येणार नाही.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर वीस बाय पंधरा फुटांचा असा तुकडा आहे. मुलं तिथे खेळतात. विकणाऱ्याने तो 'मेंटेनन्स-फ्री' म्हणून विकला होता. हा शब्द ऐकला की मला आजही राग येतो. घरात बिनदेखभालीचं काय असतं? देवघरातली समईसुद्धा आठवड्याला घासावी लागते.

एकदा चौथ्या मजल्यावरच्या मुलीची हळद गच्चीवर झाली. मोठी छान झाली, सगळे नाचलो. दुसऱ्या दिवशी लॉनवर सात-आठ ठिकाणी पिवळे डाग. सफाईचं काम एका एजन्सीकडे होतं. त्यांच्या सुपरवायझरने आमच्या मावशींना सांगितलं, कपड्याची पावडर टाका आणि घासा. मावशींनी घासलं, आणि डाग झाले लालभडक! संध्याकाळी चेअरमनसाहेब वर गेले, त्यांना वाटलं कुणीतरी पान खाऊन थुंकलंय. लिफ्टमध्ये नोटीस लागली. कुठल्या मजल्यावर कोण पान खातं, याची चौकशी सुरू झाली. पहिल्या मजल्यावरचे आजोबा बिचारे जेवणानंतर एक विडा खातात, ते दोन दिवस खाली उतरले नाहीत.

मी छत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मला नोटीस वाचूनच कळलं. बायांनो, कुंकू कसं करतात आठवा! हळदीला चुनखडीसारखं अल्कधर्मी काही लावलं की ती लाल होते. कपड्याच्या पावडरीत सोडा असतो, तोही अल्कधर्मीच. मी चेअरमनसाहेबांना वाटीत हळद आणि साबण कालवून दाखवलं, ते खूप हसले, नोटीस काढली, आजोबा खाली आले. इथे गोष्ट संपली असती तर मी आज ती फक्त गंमत म्हणून सांगितली असती.

पण एजन्सीला ते लाल डाग घालवायचेच होते. त्यांनी मावशींच्या हातात ब्लीचची बाटली दिली. त्याने भागलं नाही म्हणून तासाभरात, ते ब्लीच धुतलेलंही नसताना, संडास साफ करायचं ॲसिड दिलं. हातमोजे नाहीत, सांगणं नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला होता तोच. मावशी खोकत, डोळे मिटून जिन्यात बसलेल्या मला दिसल्या. गच्ची उघडी होती म्हणून निभावलं. बंद बाथरूममध्ये हेच झालं असतं तर काय, हा विचार मला अजून सोडत नाही. त्यांना खाली आणलं, डोळ्यांवर भरपूर पाणी मारलं, डॉक्टरकडे नेलं. दोन दिवस त्या कामावर येऊ शकल्या नाहीत, आणि एजन्सीने ते दोन दिवस खाड्यात धरले. आम्ही भांडलो तेव्हा पैसे मिळाले. त्या मला म्हणाल्या, "ताई, बाटलीवरचं मला वाचता येत नाही, दिली ती ओतली."

लॉनचं काय झालं? रंग उडून पांढुरके चट्टे पडले, कडेची एक शिवण उकलली. आणि ऐका, कोपऱ्यात अनंताच्या कुंडीमागे हळदीचा एक डाग सगळ्यांच्या नजरेतून सुटला होता. त्याला कुणी काहीच लावलं नाही. आठवड्याभरात तो उन्हानेच फिका पडून गेला. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन उन्हात टिकत नाही.

म्हणून सौम्य साफसफाई म्हणताना माझ्या मनात लॉन दुसऱ्या नंबरावर आहे. पहिल्यांदा येतो घासणारीचा हात. माझी कसोटी साधी आहे. ज्या बादलीत मी माझा उघडा हात घालेन, तेवढंच पाणी गालिच्यावर पडेल.

काय? दहाच मिनिटं? अहो, मी तर आत्ता कुठे विषयावर आले! बरं, भराभर सांगते, लिहून घ्या.

रोजचं काम झाडण्याचं. पानं, माती, केस कोरडेच झाडून उचला, पाण्याने गटारात ढकलू नका. त्यात तुटके प्लॅस्टिकचे धागे असतात, ते पुढे मुठा नदीत जातात. युरोपीय संघाने २०२३ साली अशा टर्फमध्ये भरायच्या रबरी दाण्यांच्या विक्रीवर आठ वर्षांनी लागू होणारी बंदी घातली, ती याच बारीक प्लॅस्टिकच्या काळजीने. गच्चीच्या मोरीवर जुन्या मलमलचा तुकडा बांधा. झाडताना धागे ज्या बाजूला झुकलेत त्याच्या उलट दिशेने झाडा, म्हणजे बसलेले धागे उभे राहतात. खराटा चालेल, नायलॉनचा ब्रश चालेल, लोखंडी दाताळं अजिबात नको. प्रेशरच्या पाण्याने शिवणी उकलतात आणि वाळू भरलेली असली तर तीही उडते. साधी झारी किंवा शॉवरची नळी पुरे. धुवायचं सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर. दुपारी साबणाचं पाणी जागेवर सुकतं, चिकट थर राहतो आणि त्यावर दुप्पट धूळ बसते.

कबुतरं. हा तर पुण्याचा राष्ट्रीय प्रश्न! कोरडी विष्ठा कधीही झाडू नका. ती धूळ श्वासात जाऊन फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. नाकाला फडकं बांधा, आधी पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या, मग ओल्या कागदाने उचला. त्यातला पांढरा भाग युरिक आम्लाचा असतो, तो पाण्यात सहजी विरघळत नाही, म्हणून भिजवायला वेळ द्यावाच लागतो.

कुत्रा. लघवीतल्या युरियाला स्वतःचा वास नसतो. जिवाणू त्याचा अमोनिया करतात, तेव्हा वास येतो. म्हणजे लगेच तांब्याभर पाणी ओतलं तर निम्मं काम झालं. वास धरलाच असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, शिंपडून पंधरा मिनिटांनी धुवा. आम्लाने अमोनिया शमतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डागही त्यानेच जातात. पण ब्लीच पडलेल्या जागी व्हिनेगर नाही, तेही आम्लच आहे. आणि व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून फसफसवायचा तो प्रकार बंद करा. फेस बघायला छान वाटतो, पण दोघं एकमेकांना संपवतात आणि बादलीत उरतं सोडियम ॲसिटेटचं मिळमिळीत पाणी. वापरायचं तर एका वेळी एकच वापरा. फिनेल नको, विशेषतः मांजर असेल तर नकोच. फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत, आणि ते पंजे चाटतं.

कोजागिरीचं दूध सांडलं तर आधी गार पाणी. गरम पाण्याने दुधातली प्रथिनं धाग्यावरच घट्ट बसतात. आणि ती शेगडीवरून उतरवलेली कढई कृपा करून लॉनवर टेकवू नका. पॉलिएथिलीन ११०-१३० अंशांना वितळतं, शिट्टी झालेला कुकर आतून १२० अंशांच्या आसपास असतो. त्या गोल खड्ड्याला कुठलाच उपाय नाही, तुकडा बदलावा लागतो. दिवाळीतल्या फुलबाजीचंही तेच. तेल-तूप सांडलं तर त्यावर तांदळाचं पीठ टाका, ते शोषून घेतं. झाडून काढा, मग रिठ्याचं पाणी. च्युइंगमवर बर्फ ठेवा, कडक झालं की उचलून येतं. शेवाळ आलं म्हणजे खाली पाणी साठतंय. पावसाळ्यात कोपरा उचलून बघा, भोकं बुजली असतील तर मोकळी करा, उघडीप मिळेल तेव्हा गुंडाळून फरशी सुकू द्या.

आता रिठा. आठ-दहा फळं, बिया काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी एक उकळी आणा, कुस्करा, गाळा. त्यातलं पेलाभर पाणी अर्ध्या बादलीत. आपल्या आज्या रेशमी लुगडी आणि सोनं ज्याने धूत, तेच हे. दोन-तीन दिवसांत संपवा, उन्हाळ्यात लवकर आंबतं. डोळ्यात गेलं तर चुरचुरतं, तेवढं जपा. मावशींना हे करून दाखवलं तेव्हा त्यांनी आधी हुंगलं आणि म्हणाल्या, हे तर आमच्या गावच्या झाडाचं. आता आमच्या गच्चीचं पाणी त्याच करतात, आणि त्यांच्या सांगण्यावरून दोन शेजारच्या इमारतींतही चालू झालंय. एजन्सीबरोबरच्या नव्या करारात आम्ही कमिटीकडून एक ओळ घालून घेतली, की गच्चीवर ब्लीच आणि ॲसिड येणार नाही. तुमच्या कमिटीत ती ओळ घालून घ्यायला मी हवी असेन तर येईन, रिक्षाचे पैसेही नकोत.

हो हो, थांबते. दाराजवळ टेबलावर रिठ्याच्या पुड्या ठेवल्यात, घरटी एक घ्या. फक्त ज्यांच्याकडे कमळाच्या टबात गप्पी मासे आहेत त्यांनी एक करा, धुतलेलं पाणी त्या टबाकडे वाहू देऊ नका. रिठ्यातला फेस आपल्या हाताला मऊ असला तरी माशांना सोसत नाही.