किती अंशांपर्यंत चिकटतं, ते विचारा

पुण्यात जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली गेला की पर्वती चढणाऱ्यांची बोटं गार पडणारच. त्यात आजार काही नाही. पण बोटं, कान, नाकाचा शेंडा जांभळा पडतो, उबेत आल्यावर पूर्ववत होतो, आणि शिवाय लघवी कोऱ्या चहासारखी होते, असं असेल तर रक्त तपासायला हवं.

हा कोल्ड ॲग्लुटिनिनचा आजार असू शकतो. कोल्ड ॲग्लुटिनिन म्हणजे थंडीत आपल्याच तांबड्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी), बहुधा आयजीएम जातीची. एका रेणूची पकड दहा ठिकाणी, त्यामुळे पेशींचे गोळे होतात. रक्तगट शोधणाऱ्या लँडस्टायनरनं हे १९०३ मध्येच नोंदवलं होतं. थोडीफार अशी प्रतिपिंडं तुमच्या-माझ्या रक्तातही असतात. ती जोमात येतात ० ते ४ अंशांना, आणि इतकं गार आपलं रक्त कधीच होत नाही. म्हणून रिपोर्टवरचा मोठा टायटर, म्हणजे प्रतिपिंडाच्या प्रमाणाचा आकडा, पाहून घाबरू नका. मी आधी विचारतो, हे किती अंशांपर्यंत चिकटतं? तीस अंशांपर्यंत चिकटत असेल तर टायटर बेताचा असूनही त्रास होतो, कारण गारठलेल्या बोटांत रक्ताचं तापमान तेवढं सहज उतरतं.

पुढची गंमत बघा. बोटांत आयजीएम चिकटतं आणि कॉम्प्लिमेंटला, म्हणजे रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या साखळीला, कामाला लावतं. रक्त आतल्या उबेत परतलं की आयजीएम सुटून जातं, पण त्या साखळीतलं सी३बी हे प्रथिन पेशीवरच राहतं. यकृतातल्या भक्षक पेशी ते ओळखतात आणि तांबडी पेशी गिळतात. तांबड्या पेशींवर काय चिकटलंय ते बघणारी कूम्ब्स टेस्ट सी३डीला (सी३बीचाच उरलेला तुकडा) पॉझिटिव्ह आणि आयजीजी या दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडाला बहुधा निगेटिव्ह येते ती यामुळे. प्लीहा काढून इथे काही साधत नाही तेही यामुळेच. स्टिरॉइडही फारसं लागू पडत नाही, तरी ते महिनोन्‌महिने चालू असलेले पेशंट येतात. हे मला पटत नाही.

न्यूमोनिया करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जंतूच्या संसर्गानंतर होणारा प्रकार काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. उतारवयातल्या चिवट आजारामागे मात्र प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींची एक छोटी टोळी असते. तिथे बी-पेशी मारणारं रिटक्सिमॅब देतात. कॉम्प्लिमेंटच्या साखळीतला सी१एस हा सुरुवातीचा दुवा अडवणाऱ्या सुटिमलिमॅब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

इथे लॅबवाले बरेच बसलेत, त्यांच्यासाठी. हडपसरहून सँपल बर्फाच्या डब्यात घालून कोथरूडला आलं. मशीन सांगतं, हिमोग्लोबिन ९, तांबड्या पेशी १२ लाख, एमसीव्ही (पेशीचं सरासरी आकारमान) ११५, एमसीएचसी (पेशीत हिमोग्लोबिन किती दाट भरलंय) ६५. एमसीएचसीची नेहमीची मर्यादा ३६च्या आसपास, पेशीत एवढं हिमोग्लोबिन मावणारच नाही! मशीननं पेशींचे गोळे एकेक पेशी म्हणून मोजले. हिमोग्लोबिन बरोबर आहे, कारण ते पेशी फोडून मोजतात. सँपल ३७ अंशांना ठेवा, लगेच पुन्हा चालवा, स्लाइड बघा. प्रतिपिंड तपासायचं असेल तर रक्त काढल्यापासून सीरम वेगळं होईपर्यंत ते गार पडू देऊ नका, नाहीतर प्रतिपिंड पेशींवर चिकटून बसेल आणि टायटर खोटा कमी येईल.

मागून कोणी विचारलं, रक्त चढवायचं झालं तर? चढवता येतं. खोली उबदार ठेवा, पेशंटला पांघरूण आणि मोजे द्या, रक्त ब्लड वॉर्मरमधूनच जाऊ द्या. पिशवी गरम पाण्याच्या बादलीत बुडवू नका, त्यातल्या पेशी तिथेच फुटतात.