रेफरन्स कुणाचा द्यायचा?

नमस्कार श्रोतेहो. बऱ्याच वर्षांनी पुन्हा जुन्या क्षेत्रात नोकरी शोधताय? बायोडेटा होतो, पण गाडी एका रकान्याशी अडते. रेफरन्स, म्हणजे तुमच्या कामाबद्दल सांगू शकतील अशा दोन माणसांची नावं.

आमच्या शेजारच्या वहिनी रबाळ्याला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होत्या. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सुटली, मग नऊ वर्षं एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवलं. गेल्या वर्षी महाप्याला मुलाखत छान झाली. रेफरन्स म्हणून त्यांनी जुन्या कंपनीतल्या सगळ्यात मोठ्या साहेबांचं नाव दिलं. वजन पडेल म्हणून! एचआरवाल्यांनी फोन केला, तर साहेब म्हणाले, "कोण? नाव ऐकल्यासारखं वाटतंय." झालं, गेली नोकरी.

वहिनी रडकुंडीला आल्या. मी विचारलं, रोज तुमचं काम कोण बघायचं? म्हणाल्या, शिफ्टचे सुपरवायझर, पण ते केव्हाच रिटायर झाले, ठाण्यात तलावपाळीला फिरायला येतात. रविवारी सकाळी गाठलं त्यांना. काका बाकावरून उठलेच. "अगं, तू ती रेघवाली ना?"

काय झालं होतं, ब्युरेटचं, म्हणजे द्रव मोजायच्या काचेच्या नळीचं, रीडिंग १४.२, वहीत लिहिलं गेलं १२.४. शिफ्ट सुटायला पाच मिनिटं. शेजारचा म्हणाला, गिरव वरून, कोण बघतंय? वहिनींनी चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. आणि स्वतः जाऊन काकांना दाखवलं. नियम सगळ्यांनाच पाठ असतो हो. पाळणारी काकांच्या लक्षात राहिली. मग वहिनींनी तुर्भ्याच्या एका कंपनीत रेफरन्स म्हणून काकांचं नाव दिलं, तिथल्या लोकांना त्यांनी फोनवर हेच सांगितलं.

तेव्हा हुद्दा नको, काम पाहिलेला माणूस हवा. पुन्हा सांगतो, काम पाहिलेला. दुसरं नाव अलीकडचं; वहिनींनी क्लासच्या बाईंचं दिलं. नातेवाईक नकोत. नोकरीच्या तारखा पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत बघून घ्या, नाहीतर तुम्ही एक साल सांगाल आणि काका दुसरं.

आणि आधी विचारा, कुठल्या कामासाठी फोन येईल तेही सांगून ठेवा. तुर्भ्याचे पहिले दोन फोन काकांनी कापले होते. म्हणाले, मला वाटलं क्रेडिट कार्डवाले.