बॅगा गुंडाळून ठेवा

श्रोतेहो, नमस्कार. वाईट दिवस आले की भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "धीर धरा, सगळं ठीक होईल." धीर धरायचा कसा, ते मात्र कुणी सांगत नाही. आज त्या 'कसा'बद्दल बोलू.

त्यासाठी थेट अंटार्क्टिकाला जाऊ. ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख अर्नेस्ट शॅकल्टन यांचं 'एन्ड्युरन्स' जहाज जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं. बर्फाने ते चिरडलं आणि नोव्हेंबरात ते बुडालं. त्याआधी जहाज सोडताना शॅकल्टन यांनी हुकूम काढला: खासगी सामान प्रत्येकी दोन पौंड, म्हणजे किलोभरही नाही. स्वतःची सोन्याची नाणीही त्यांनी बर्फावर टाकून दिली. पण साथीदार लिओनार्ड हसी यांचा बँजो मात्र हट्टाने बरोबर घ्यायला लावला. मनाला हे औषध लागणार, असं त्यांचं म्हणणं. (जाता जाता सांगतो, घरात एखादं वाद्य असावंच. बेसूर वाजलं तरी चालेल, भिंतीवर शोभेला टांगू नये.)

एप्रिल १९१६ मध्ये २८ जण एलिफंट बेटावर पोचले. तिथून शॅकल्टन पाच साथीदारांसह लहानशा होडीतून मदत आणायला निघाले. मागे राहिले २२ जण, त्यांतलेच एक फ्रँक वाइल्ड त्यांचे प्रमुख. दोन होड्या उपड्या घालून केलेल्या खोपटात ते राहिले, सील आणि पेंग्विन खाऊन. हिमदंशाने सडलेली एकाच्या पायाची बोटं डॉक्टरांना त्या खोपटातच कापावी लागली. आणि रोज सकाळी वाइल्ड सगळ्यांना उठवत: बॅगा गुंडाळा, साहेब आज येतील! बॅगा म्हणजे झोपायच्या पिशव्या, साहेब म्हणजे शॅकल्टन. नीट ऐका हं. 'अमुक तारखेला येतील' असं ते म्हणत नव्हते. आज येतील, म्हणून आज बॅगा गुंडाळा. आशेला लागूनच हाताला काम.

असे चार महिने गेले. ३० ऑगस्टला दुपारच्या जेवणाच्या वेळी चिलीचं 'येल्चो' जहाज दिसलं. शॅकल्टन यांचा हा चौथा प्रयत्न होता. तासाभरात बावीसच्या बावीस जण जहाजावर.

वाइल्ड यांचं एक मात्र पटत नाही. महिन्याभरात सुटका होईल असा त्यांचा अंदाज होता. मांसाचा मोठा साठा करणं म्हणजे हार मानणं, असं त्यांना वाटे. ऑर्ड-लीस नावाचे साथीदार त्यावरून त्यांच्याशी भांडले आणि माझ्या मते भांडले ते बरोबर. आशा आजची, बेगमी मात्र लांबची. पुन्हा सांगतो, आशा आजची, बेगमी लांबची.

आता आपलं. रात्री झोपण्याआधी उद्याचं एकच काम ठरवा, दहा मिनिटांत उरकणारं. ते कधी आणि कुठे करायचं, हेही ठरवा. सकाळी मन तयार आहे का, ते विचारू नका. काम आधी, उमेद मागून येते. नैराश्याच्या उपचारातही हीच पद्धत वापरतात. बिघडतं ते दोन कारणांनी. एक, उत्साहात पहिल्याच दिवशी पाच कामं घेतली जातात आणि तिसऱ्या दिवशी सगळंच सुटतं. दोन, एखादा दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचा हट्ट. चुकलं तर चुकलं, उद्या पुन्हा तेवढंच.

बेगमी म्हणजे काय? रात्री-अपरात्री फोन करता येईल अशा तीन माणसांची नावं, आणि तीही कागदावर, कारण अडचणीच्या वेळी कुणी आठवत नाही. आनंदाचंही तसंच. मोठ्या सुखाला मन लवकर सरावतं, म्हणून एका मोठ्या सुखाची वाट पाहण्यापेक्षा बँजोसारखं रोजचं, छोटं काहीतरी धरून ठेवा.

आणि दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, झोप किंवा भूक गेली असेल, कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा.