खांब वाकडा लागलाय

नमस्कार श्रोतेहो. आज जरा लांब, नॉर्वेला जाऊ. टेलेमार्क भागात नोटोडेनजवळ हेद्दालचं चर्च आहे. तेराव्या शतकातलं, आणि लाकडाचं. नॉर्वेत अशी जुनी खांबांची चर्च आता जेमतेम 28 उरलीत, त्यांत हे सगळ्यांत मोठं. छपरावर छप्पर चढत गेलेलं, वर तीन मनोरे. गावाचं चर्च आजही हेच.

लाकूड इतकं टिकलं कसं? मातीत पुरलेला खांब बुडाशी कुजतो, हे कुंपण घातलेल्या कोणालाही ठाऊक असतं. तिथली आधीची चर्च अशीच गेली. मग सुतारांनी दगडी जोत्यावर आडव्या तुळया टाकल्या आणि खांब त्यांवर उभे केले. मातीत नाही बरं का, तुळईवर. वरून पाइनच्या लाकडातून काढलेलं डांबर. आपल्याकडे सागवानी दारालाही ऑइलपेंट फासतात, बघवत नाही. असो.

मला सांगायचीय ती गोष्ट वेगळीच. हेद्दालच्या पाच शेतकऱ्यांना चर्च बांधायचं होतं. त्यांतल्या रौद रिगीला एक परका भेटला. म्हणाला, "बांधून देतो. पण काम संपायच्या आत तीनांतलं एक कर. आकाशातले सूर्य-चंद्र आणून दे, नाहीतर काळजाचं रक्त दे, नाहीतर माझं नाव ओळख." रौदला वाटलं, नाव काय, ओळखू की!

पहिल्या रात्रीत सगळं सामान येऊन पडलं. दुसऱ्या दिवशी मनोरा चढला. तिसऱ्या दिवशी काम संपणार! रौदच्या तोंडचं पाणी पळालं. शेतातून येरझाऱ्या घालताना डोंगरातून अंगाई ऐकू आली: उद्या फिन् येईल, बाळाला खेळायला चंद्र आणील.

फिन्! नाव सापडलं. आमच्या आजीनं जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही. नावाची ताकद तिला सांगावी लागली नसती. रौद थेट चर्चमध्ये गेला, खांबावर थाप मारली आणि म्हणाला, "फिन्, हा खांब वाकडा लागलाय!"

खेळ खलास. फिन् होता डोंगरातला राक्षस. त्याला चर्चच्या घंटा सोसवेनात, म्हणून बिऱ्हाड उचलून दुसऱ्या डोंगरावर गेला.

अरे, वेळ झाली की! डागडुजीचं राहिलंच. 1849 ते 1851मध्ये केली ती बिघडली, म्हणून 1952 ते 1954मध्ये पुन्हा करावी लागली. तेव्हा फिन् नव्हता ना हाताशी. नमस्कार.