उसना पोरगा

(दृश्य: जानेवारीतली संध्याकाळ. छोटं मैदान, दिव्यांच्या उजेडात पावसाची भुरभुर.)

शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, तसा फुटबॉलमध्ये खेळाडू उसना आणतात. मोठ्या क्लबात ज्याला जागा नाही, त्या पोराला काही महिने खालच्या श्रेणीत धाडायचं. पगार बहुधा दोघांत वाटून घ्यायचा, मुदत संपली की पोरगं परत. फरक इतकाच, की साखरेला तिकडे करमतंय का, हे कुणी विचारत नाही. पोरालाही फारसं विचारत नाहीत म्हणा.

15 जानेवारी 2011, रॉचडेल. इंग्लंडची तिसरी श्रेणी. 73व्या मिनिटाला लेटन ओरिएंट या पूर्व लंडनच्या छोट्या क्लबाकडून सतरा वर्षांचा एक उसना पोरगा बदली म्हणून उतरला. हॅरी केन, पुढे इंग्लंडचा कर्णधार झालेला. आर्सेनल या बड्या क्लबानं आठव्या वर्षीच नारळ दिलेला, आणि ज्यानं उसना धाडला त्या टॉटनहॅमच्या मुख्य संघातून तोवर एकही सामना नाही.

(दृश्य: ब्रिस्बेन रोड.)

ओरिएंटच्या या मैदानाच्या चारही कोपऱ्यांत राहत्या इमारती आहेत. बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता सामना दिसतो. हॅरीचा जन्म शेजारच्याच वॉल्थमस्टोचा, म्हणजे उसना असूनही तो घरचाच. सुरुवातीच्या अकरांत पहिल्यांदा नाव आलं ते शेफील्ड वेन्सडेविरुद्ध. त्याच दिवशी पहिला गोल. एकूण 18 सामन्यांत पाच.

पुढचं घर मिलवॉल. जानेवारी 2012, दुसरी श्रेणी. संघ खाली घसरण्याच्या बेतात आणि घरचे प्रेक्षक लाड करणारे नव्हेत. माझ्या मते हॅरी खरा घडला तो इथे. 27 सामने, नऊ गोल. संघ वाचला, आणि क्लबनं त्याला वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरवलं.

मग नॉर्विच, थेट प्रीमियर लीग, म्हणजे सर्वात वरची श्रेणी. तिथे पायाच्या पंजाचं हाड मोडलं. ते पर्व एका वाक्यात संपतं.

(दृश्य: राखीव खेळाडूंचा बाक.)

फेब्रुवारी 2013, लेस्टर. पुन्हा दुसरी श्रेणी. 15 सामने, दोन गोल. मे महिन्यात वॉटफर्डविरुद्ध बढतीचा निर्णायक उपांत्य सामना होता आणि सुरुवातीच्या अकरांत हॅरीचं नाव नव्हतं. त्या हंगामात त्याच्यासारखाच बाकावर बसणारा दुसरा एक आघाडीवीर लेस्टरकडे होता, जेमी वार्डी. तेव्हा या दोघांकडे बघून कुणी पैज लावली असती असं वाटत नाही. 2015-16च्या प्रीमियर लीगमध्ये केनचे 25 गोल, वार्डीचे 24. आणि विजेता संघ? लेस्टर.

(दृश्य: ओरिएंटची जर्सी, जवळून.)

2020. कोरोनानं मैदानं ओस पडली, छोट्या क्लबांच्या तिजोऱ्या आटल्या. केननं ओरिएंटच्या जर्सीचं प्रायोजकत्व विकत घेतलं. छातीवर स्वतःचं नाव मात्र घातलं नाही. तिथे आघाडीवर राबणाऱ्या कोरोनायोद्ध्यांचे आभार छापले होते.