करंट कुठं अडला

[दृश्य : यवतमाळ–आर्णी रस्ता, कडेला टिनाची शेड. व्हॅनची पुढची सीट उचलली जाते.]

सीटखाली इंजिन असलेली ही ओम्नी. मारुतीनं ही व्हॅन १९८४ मध्ये आणली आणि २०१९ मध्ये बनवणं थांबवलं. इकडं मात्र ती अजून बाजाराला जाते, लग्नाला जाते, दवाखान्यात जाते. ही गाडी जुनी, पॉइंटवाली, म्हणजे उघडझाप करून करंट जोडणारी-तोडणारी धातूची टोकं असलेली. सेल्फ खणखणीत फिरतो, पण इंजिन घेत नाही. मालकानं नवी बॅटरी टाकली, नवे प्लग टाकले. फरक शून्य.

मिस्त्री पाना उचलायच्या आधी विचारतात, "सकायी चालू होते का भाऊ?"

"सकायी होते. उन्हात उभी केली का मंग घेतच नाही."

अर्धा तपास या उत्तरातच आहे. थंड असताना चालणारी आणि तापल्यावर रुसणारी गाडी म्हणजे कुठंतरी काहीतरी तापतंय.

[दृश्य : प्लग, अगदी जवळून. सेल्फ मारल्याचा आवाज.]

पेट्रोल कुठं गळत नाही ना, हे आधी पाहून घेतलं. मग प्लग काढला, वायरीला जोडला आणि त्याचं धातूचं अंग इंजिनला टेकवलं. आता इथं नीट बघा. ठिणगी आहे, पण पिवळट आणि मरतुकडी. चांगली ठिणगी निळी असते, चट् असा आवाज करते.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारा भाग, बदलली जाते. मिस्त्री नाही म्हणतात. "पहिले करंट कुठं मरून रायला ते पाहा लागते."

कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून करंट वाहतो आणि चुंबकत्व तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर ते पाळीपाळीनं तिन्ही प्लगांकडं धाडतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ४,५०० ठिणग्या पडतात! बॅटरीवर चालणारी ही रचना अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी रुळवली. त्यांचाच सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारण्याचा जीवघेणा त्रास सरला. पण हे सगळं उभं आहे ते बॅटरीच्या १२ व्होल्टांवर. तेच कॉइलपर्यंत कमी पोचले, तर पुढं ठिणगीत जोर येणार कुठून?

[दृश्य : मीटरचा आकडा.]

बॅटरीवर १२.४. चावी ऑन, पॉइंट मिटलेले, मीटर कॉइलच्या प्लसवर : ८.९.

साडेतीन व्होल्ट वाटेत गेले. मिस्त्री वायर हातानं चाचपत मागं मागं जातात आणि डॅशबोर्डखाली थांबतात. वायर तिथं गरम लागते. काळी टेप, उन्हानं चिकट झालेली. ती सोडली तर आत दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या, हिरव्या पडलेल्या. कधीतरी उंदरानं वायर कुरतडली होती आणि कुणीतरी तात्पुरतं भागवलं होतं. घरात तुरीची पोती आणि भिंतीला लागून गाडी, तेव्हा उंदीर येणारच. ठिबकच्या नळीत गाळ साचला की मोटार कितीही मोठी बसवा, शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. इथं गाळाच्या जागी हा हिरवा गंज होता. जोड जितका तापेल, तितका अडथळा वाढतो.

हिरवा भाग कापला. आतली तारही काळी निघाली, म्हणून लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत आणखी सोलली. मधे नवा तुकडा घातला, दोन्ही टोकांना सोल्डरचा डाग दिला, वर स्लीव्ह चढवली. कॉइलवर आता ११.८. पुन्हा प्लग, पुन्हा सेल्फ. रंग तुम्हीच पाहा.

बिनकामाच्या बॅटरीत आणि प्लगांत मालकाचे पैसे गेले, गाडी उभी राहिली तेवढ्या फेऱ्याही बुडाल्या.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ आले. १३.८ ते १४.५ च्या आत असलं, म्हणजे डायनमो बॅटरी भरतोय.

[दृश्य : दुसरी गाडी, नवी. स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडलेला.]

नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत. स्कॅनरवर कोड येतो, पी०३५१. त्याचा अर्थ पहिल्या कॉइलच्या सर्किटमध्ये दोष, एवढाच. कॉइलच खराब आहे असं तो सांगत नाही. या गाड्यांत प्लग टेकवून ठिणगी पाहायची नाही; झटका फार मोठा असतो आणि कंप्युटरही जाऊ शकतो. मिस्त्री कॉइलचा कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, काढतात, चावी ऑन करतात आणि त्यातल्या करंट आणणाऱ्या वायरीला टेस्ट लॅम्प लावतात. लॅम्प लागला तरच पुढं कॉइल तपासायची. नाही लागला, तर आधी फ्यूज, रिले आणि वायर.