सर्व्हेतला प्रश्न लिहिताना

आता स्क्रीनवरचा हा प्रश्न बघा. 'आमचं अ‍ॅप तुम्हाला सोपं आणि फास्ट वाटलं का?' हो किंवा नाही. आता ज्याला अ‍ॅप सोपं वाटलं पण दर स्क्रीनला ते लोडिंगचं चक्र फिरत बसतं, त्याने काय टिक करायचं? तो 'हो' करून मोकळा होतो, कारण 'नाही' म्हटलं की खाली 'कारण सांगा'चा बॉक्स उघडतो हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय. दोन प्रश्न आहेत, वेगळे करा, विषय संपला.

खरी गोची पर्यायांमध्ये असते आणि तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांचा 1991 चा अभ्यास आहे, लोकांना विचारलं की आयुष्यात तुम्ही कितपत यशस्वी झालात. काहींना 0 ते 10 स्केल दिली, काहींना उणे 5 ते अधिक 5, म्हणजे दोन्हीकडे अकराच पर्याय. पहिल्यांपैकी 34 टक्के लोकांनी 0 ते 5 मधलं उत्तर दिलं, आणि दुसऱ्यांपैकी तेवढ्याच भागात, म्हणजे उणे 5 ते 0 मध्ये, फक्त 13 टक्के! प्रश्न तोच हं. फक्त 0 बघून वाटतं की फारसं यश मिळालं नाही, आणि उणे आकडा दिसला की वाटतं हे तर सपशेल अपयश, मग तिकडे कोण जाईल? म्हणून मागच्या वर्षीपेक्षा रेटिंग वाढलं असं कोणी सांगितलं की मी आधी विचारते, मध्ये स्केल कोणी बदलली का.

लोकांना हो ला हो करायची सवय असते, म्हणून जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये बनवलेल्या एसयूएसमध्ये, म्हणजे सिस्टीम वापरायला किती सोपी वाटते ते मोजणाऱ्या 'सिस्टीम युजेबिलिटी स्केल' या प्रश्नावलीत, 10 विधानं आलटून पालटून आहेत, एक कौतुकाचं, एक तक्रारीचं. आयडिया चांगली, पण घाईत भरणारा माणूस उलटं विधान सुलटं वाचतो, तेही होतं. आणि एसयूएसचा स्कोअर 0 ते 100 असला तरी ती टक्केवारी नाही, हे कृपा करून रिपोर्टमध्ये लिहा.

'हे फीचर दिलं तर वापराल का' हे तर विचारूच नका. सगळे हो म्हणतात, फुकट आहे ना हो म्हणायला. त्यापेक्षा 'मागच्या वेळी रिपोर्ट कोणाला पाठवायचा होता तेव्हा काय केलंत' असं विचारा. 'स्क्रीनशॉट काढून पाठवला' असं उत्तर आलं तर समजा तुमचं शेअर बटण त्याला सापडलेलंच नाही.

फॉर्मचंही तेच. प्रत्येक फील्डपुढे लिहा की हे उत्तर कोण वापरणार आणि कशासाठी. 'असू दे, पुढेमागे लागेल' म्हणून जन्मतारीख कंपल्सरी केली की लोक हाताला येईल ती तारीख टाकतात, आणि मग डेटा उघडून बघा, 1 जानेवारीला जन्मलेल्यांची ही गर्दी.